सत्ताविसाव्या पानावरचा त्रिकोण

भाड्याने पुस्तकं देणाऱ्या बाईला लोक दोनच गोष्टी विचारतात. नवीन काय आलंय, आणि यात खुनी कोण. पहिल्याचं उत्तर मी रोज देते. दुसऱ्याचं देत नाही. एकदा एकीला ते द्यायला हवं होतं, तेव्हा मी तोंड मिटून बसले. आणि एकदा कोणी विचारलं नसताना सांगून बसले, तेही चुकीचं. दिवाळी अंकासाठी धंद्यातले अनुभव लिहा, असं संपादक म्हणाले म्हणून या दोन चुका लिहिते.

माझं शिक्षण चौथी. दहाव्या वर्षापासून पुस्तकं बांधण्याच्या कारखान्यात बसले. छापलेला मोठा कागद घड्या घालून सोळा पानांचा होतो, त्याला फर्मा म्हणतात. फर्मे एकावर एक लावायचे, शिवायचे, पाठीला खळ लावायची, पुठ्ठा चढवायचा. हे काम करता करता वाचायला शिकले ते शाळेपेक्षा जास्त. लग्नानंतर नाशिकरोडला देवी चौकाच्या मागच्या गल्लीत एक गाळा मिळाला. रद्दीवाल्यांकडून फाटक्या रहस्यकथा वजनावर आणल्या, घरी बांधल्या आणि मांडून बसले. अजून बसते. आता लोक फोनवरच वाचतात, तरी साठ-सत्तर वाचक टिकून आहेत.

रहस्यकथेचा वाचक हा वेगळा प्राणी आहे. कवितेचं पुस्तक आवडलं नाही तर माणूस गप्प परत करतो. रहस्यकथा आवडली नाही तर भांडायला येतो, जणू खून मीच केलाय. एक शिक्षक शेवट पटला नाही की पुस्तक गल्ल्यावर आपटायचे आणि म्हणायचे, "मावशी, हा खुनी होऊच शकत नाही. त्याला जिना चढता येत नव्हता." मी म्हणायचे, "गुरुजी, मी काय करू? लिफ्ट बसवू?"

काही जण उभ्या उभ्या शेवटची दोन पानं वाचून पुस्तक परत खणात ठेवायचे. म्हणून मी शेवटचा फर्मा दोऱ्याने टाचायला लागले. घरी नेऊन दोरा कापायचा आणि वाचायचं. दोरा कापलेला दिसला की पुस्तक घ्यावंच लागायचं. एकदा माझ्या हातून एकाच लेखकाच्या दोन कादंबऱ्यांचे शेवटचे फर्मे बदलले. इन्स्पेक्टर दोन्हींत एकच, बाकी सगळी माणसं वेगळी. चार महिने कोणी बोललं नाही. उलट तेच गुरुजी म्हणाले, "याला म्हणतात कलाटणी. जो माणूस अख्ख्या पुस्तकात नाही, तोच खुनी." मी दोन्ही पुस्तकं उसवून पुन्हा बांधली आणि त्यांना काही सांगितलं नाही.

तेव्हा मी हसले होते. माणसाला धक्का बसला की तो विचार करायचं सोडतो, हे मला तिथे कळायला हवं होतं.

आता खुणांबद्दल सांगते, नाहीतर पुढचं समजणार नाही. भाड्याची पुस्तकं वाचणाऱ्याला आपण हे वाचलंय का, ते आठवत नाही. नावं सगळी सारखीच असतात, रक्त, सावली, सूड. म्हणून प्रत्येक जण एक पान ठरवतो आणि त्या पानाच्या कोपऱ्यात आपली खूण करतो. कोणी अकराव्या पानावर फुली, कोणी पन्नासाव्यावर स्वतःचं पहिलं अक्षर. पुस्तक नेण्याआधी ते पान उघडून बघायचं. खूण असली तर ठेवून द्यायचं. जुन्या पुस्तकांत अशा वीस-वीस खुणा सापडतात. मी बांधायला घेतलं की माझ्या डोळ्यांखालून जातात, म्हणून मला सगळ्यांच्या खुणा पाठ आहेत.

दिलीपची खूण त्रिकोण होती. पान सत्तावीस, वरचा उजवा कोपरा, निळ्या बॉलपेनने.

दिलीप एका कंपनीच्या बसवर ड्रायव्हर होता. रहस्यकथा त्याला एक दिवसाला एक लागायची. तो स्वतः क्वचित यायचा, बायकोला पाठवायचा. तिचं नाव सुनंदा. माहेर वणीचं. घरी फॉल-पिकोचं काम करायची. बरोबर कधी कधी मुलगी असायची, ऋतुजा, तेव्हा पाचवीत होती.

सुनंदा खणासमोर उभी राहून दर वेळी एकच सांगायची. "मावशी, सोपं द्या."

"सोपं म्हणजे?"

"म्हणजे खुनी लगेच ओळखू येईल असं."

"मग वाचायचं कशाला? बालवाडीचं देऊ का?"

ती हसायची नाही. मी मात्र तिला मुद्दाम अवघडात अवघड पुस्तक काढून द्यायचे. माझ्याकडचा माल साधा नाही, हे तिच्या नवऱ्याला कळलं पाहिजे, असं मला वाटायचं. तीन-चार वर्षं मी असं केलं. ती पुस्तक हातात घेऊन पाठीमागचा मजकूर वाचत उभी राहायची. एकदा तिने स्पष्टच विचारलं, "मावशी, यात खुनी कोण, तेवढं सांगता का?" मी म्हणाले, "ते मी कोणालाच सांगत नाही. धंद्याचा नियम आहे." ती पुस्तक घेऊन गेली.

एकदा ती आली तेव्हा उजवं मनगट बांधलेलं होतं. मी विचारलं तर पडले म्हणाली. मग परत आणलेलं पुस्तक गल्ल्यावर ठेवून तिने डाव्या हाताने सत्ताविसावं पान उघडलं.

"हा त्रिकोण बघा."

"नवऱ्याची खूण आहे. ठाऊक आहे मला."

"प्रत्येक पुस्तकात नसतो. बघितलंय का कधी?"

मी बघितलं नव्हतं. इतक्या खुणा बघत होते, पण कुठल्या पुस्तकात नाही ते कधी बघितलं नव्हतं.

ती म्हणाली, "अर्ध्या पुस्तकात तो खुनी ओळखतो. मला येऊन सांगतो, हाच आहे म्हणून. बरोबर निघालं तर काही नाय. जेवतो, झोपतो. चुकलं की त्रिकोण काढतो. म्हणजे या पुस्तकानं मला हरवलं. मग तो राग कुठंतरी काढायचा असतो."

एवढं बोलून तिने मनगट पदराखाली घेतलं.

मी खणाकडे बघितलं. त्या खणातली किती पुस्तकं मी स्वतः निवडून तिच्या हातात दिली होती, ते मला मोजता आलं नाही. त्या दिवसापासून तिला सोपी पुस्तकं द्यायला लागले. तिसऱ्या पानावर खुनी कळेल अशी. महिनाभर एकही त्रिकोण आला नाही.

मग एके दिवशी दुपारी दिलीप स्वतः आला. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. उंच नव्हता, आवाजही मोठा नव्हता. गल्ल्यावर दोन्ही हात ठेवून उभा राहिला.

"मावशी, हल्ली पोरखेळ देताय."

"मिळेल ते देते बाबा."

"आधी बरी द्यायचात. मग एकदम सोपी. असं एकदम होत नाही." तो माझ्याकडे बघत राहिला. "कोणी सांगितलं का तुम्हाला तसं?"

रहस्यकथा वाचणारा माणूस होता. त्याला धागा लागला होता. मी म्हणाले, "अवघड पुस्तकं बांधायला गेलीत. फाटली होती."

"कुठं गेलीत? तुम्हीच तर बांधता."

त्याने स्वतः आत येऊन खणातून एक जाड पुस्तक काढलं, सत्ताविसावं पान बघितलं, खूण नव्हती. "हे लिहून घ्या," म्हणाला. ते पुस्तक मला माहीत होतं. त्यातला खुनी शेवटून दुसऱ्या पानापर्यंत कोणालाच कळत नाही. मी त्याच्या नावावर लिहून घेतलं. माझ्या आयुष्यात मला इतकी भीती कधी वाटली नव्हती. पण माझी भीती तेवढ्यापुरतीच होती. तो गेला आणि मी चहा प्यायले. पुस्तक ज्या घरात गेलं, तिथे काय झालं ते चार दिवसांनी परत आलेल्या पुस्तकात दिसलं. त्रिकोण इतका दाबून काढला होता की अठ्ठाविसाव्या पानावर उमटला होता.

या वेळी शेजाऱ्यांनी पोलिसांत कळवलं. पोलीस येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी दिलीपने बस मालकाच्या दारात लावली आणि निघून गेला. मनमाडला कोणी पाहिला, कोणी म्हणे गुजरातेत आहे. महिन्याने त्याने सुनंदाला एकदा फोन केला. एवढंच म्हणाला, "मी येणारे. कधी ते सांगणार नाही."

तो आला नाही. सहा वर्षं गेली. सुनंदाने त्याच खोलीत शिवणाचं काम वाढवलं. ऋतुजा बारावीला गेली, सायन्सला. पोरगी हुशार. तीही पुस्तकं न्यायची, पण रहस्यकथा नाही.

मागच्या संक्रांतीच्या सुमारास मी फाटलेली पुस्तकं बांधायला काढली. त्यांत वर्षभरापूर्वी आलेली एक नवीन कादंबरी होती. पानं चाळताना सत्ताविसाव्या पानावर बोट थांबलं. वरचा उजवा कोपरा. त्रिकोण.

पुस्तक वर्षापूर्वीचं. दिलीप सहा वर्षांपूर्वी गेलेला.

मी नवीन पुस्तकांचा अख्खा खण खाली काढला. आणखी तीन पुस्तकांत त्रिकोण निघाला. तेच पान, तोच कोपरा. आणि चारही पुस्तकं अशी की खुनी ओळखू येत नाही. म्हणजे हरल्यावर काढलेले. तो गावात होता. माझ्याच दुकानातली पुस्तकं वाचत होता, दुसऱ्याच्या कार्डावर.

पुस्तक कोणी नेलं ते मी वहीत लिहिते. चारही पुस्तकं नेलेली माणसं पाच निघाली. त्यांतला एक नवीन होता, सहा-सात महिन्यांपूर्वी वाचक झालेला. नाशिकच्या द्वारका चौकात ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात आहे म्हणायचा. दाढी, कमी बोलणं, पुस्तक घेतलं की चालता. ट्रान्सपोर्ट म्हणजे ड्रायव्हर लोकांत ऊठबस. माझ्या डोक्यात सगळं पटापट जुळलं. हाच दिलीपसाठी पुस्तकं नेतो.

तो आला तेव्हा मी त्याला विचारलं, "पुस्तकं स्वतः वाचता का कोणासाठी नेता?"

तो म्हणाला, "का? दोघांनी वाचलं तर वर्गणी डबल आहे का?"

"कोण दुसरं?"

"काही नाही हो मावशी, गंमत केली." आणि पुस्तक घेऊन गेला. दारातून मागे वळून त्याने माझ्याकडे एकदा बघितलं. कोणीही बघेल. पण मला तेवढं पुरलं.

मी दुकान बंद करून थेट सुनंदाकडे गेले. भर दुपार होती. ती मशिनवर होती, ऋतुजा क्लासला गेलेली.

"सुनंदा, दिलीप आलाय गावात."

तिने मशिन थांबवलं. कोणी सांगितलं, कधी पाहिला, काही विचारलं नाही. म्हणाली, "कशावरून?"

"नवीन पुस्तकांत त्रिकोण आहेत. चार."

"कुठलं पान?"

"सत्तावीस."

ती उठली आणि दाराला कडी घातली. मग खिडकी लावली. मग कपाटातून पिशवी काढून पोरीचे कपडे भरायला लागली. गिऱ्हाइकांच्या साड्यांचा गठ्ठा माझ्यासमोर ठेवला. "या शेजारच्या काकूंकडे द्या. माझा फोन लागणार नाही म्हणावं."

मी म्हणाले, "अगं, पोरीची परीक्षा आहे. तीन आठवडे राहिलेत."

"परीक्षा दर वर्षी असते."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने दोघी वणीला तिच्या भावाकडे गेल्या. ऋतुजाने मला फोन केला, आईच्या नकळत. "मावशी, माझं प्रॅक्टिकल आहे पुढच्या आठवड्यात. तुम्ही आईला समजवा ना." मी तिला म्हणाले, जीव राहिला तर परीक्षा. मोठा शहाणपणा केला, असं वाटत होतं मला. प्रॅक्टिकल बुडलं. कॉलेजने ते नंतर बघू म्हटलं, पण लेखी परीक्षेला मुलगी हजर पाहिजे.

त्यानंतरचे दहा-बारा दिवस मी दुकानात बसून प्रत्येक माणसाचे हात बघत होते. कोणाकडे निळं बॉलपेन आहे का. दाढीवाला फिरकला नाही, तेव्हा तर खात्रीच झाली. रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला तरी मी गल्ल्यामागून उठून आत जायचे.

मग एका सकाळी कुलथे आले. कुलथे म्हणजे सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले कारकून, तेवीस वर्षांचे माझे वाचक. पुस्तकाला घरी वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचतात आणि परत करताना कव्हर काढून घडी करून खिशात ठेवतात, असा माणूस. त्यांनी पुस्तक ठेवलं. माझा हात आपोआप सत्ताविसाव्या पानावर गेला.

त्रिकोण होता. ताजा.

"कुलथेभाऊ, हा कोणी काढला?"

"मी," ते म्हणाले. "काय पुस्तक आहे बाई. शेवटपर्यंत पत्ता लागत नाही."

"तुम्ही का काढलात?"

त्यांना वाटलं मी पुस्तक खराब केलं म्हणून बोलते. घाईने सांगायला लागले. "पेन्सिलने काढलाय, हलक्या हाताने. तुमच्या जुन्या पुस्तकांत कोणीतरी जाणकार माणूस त्रिकोण काढायचा. माझ्या लक्षात आलं की ज्यात त्रिकोण, ते पुस्तक जबरदस्त. एकदाही चुकलं नाही. कितीतरी वर्षं मी त्रिकोण बघूनच पुस्तक नेलं. मग तो माणूस यायचा बंद झाला असावा, नव्या पुस्तकांत त्रिकोण नाहीत. म्हटलं, आपण चालू ठेवू. पुढच्या वाचकाची सोय."

पेन्सिल. ती चारही पुस्तकं मी पुन्हा काढून बघितली. सगळ्यांत पेन्सिल. दिलीपचे सगळे त्रिकोण बॉलपेनचे, दाबलेले. चाळीस वर्षं धागेदोऱ्यांची पुस्तकं भाड्याने देते मी, आणि समोरचं दिसलं नाही. त्या पाच नावांत कुलथ्यांचं नाव होतंच. पण तेवीस वर्षांच्या वाचकावर कोण संशय घेतो? पुस्तकात नेमका तोच निघतो, हे मला सगळ्यांत जास्त ठाऊक.

मी त्यांना स्टुलावर बसवलं आणि सगळं सांगितलं. त्रिकोण कोणाचा, कधी काढला जायचा, काढल्यावर काय व्हायचं. मी संपवल्यावर त्यांनी खिशातली वर्तमानपत्राची घडी काढली, उलगडली, पुन्हा घातली.

"म्हणजे मी इतकी वर्षं..." म्हणाले आणि थांबले. मग म्हणाले, "वणीची गाडी किती वाजता असते?"

चारपैकी दोन पुस्तकं आणि दिलीपच्या काळातलं एक, अशी तीन पिशवीत घालून आम्ही गेलो. सुनंदाच्या भावाचं घर बाजारपेठेच्या मागे. घरात सात-आठ माणसं. भावाने आम्हाला ओट्यावरच थांबवलं. "कोण हाय हे?" कुलथ्यांकडे बोट दाखवून विचारलं. मी सांगितलं तरी त्याने आधी आत जाऊन बहिणीला विचारलं, मग आम्हाला घेतलं.

सुनंदा भिंतीला टेकून बसली होती. बारा दिवसांत बरीच वाळली होती. मी सरळ सांगितलं, "माझी चूक झाली. दिलीप आलेला नाही. खुणा यांच्या आहेत."

ती कुलथ्यांकडे बघत राहिली. "काढून दाखवा."

कुलथ्यांनी पेन्सिल काढली आणि वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात त्रिकोण काढला.

"पहिली रेघ कुठली काढली?"

"डावीकडची."

"तो खालची आधी काढायचा." मग तिने माझ्याकडे हात केला. "पुस्तक द्या."

मी नवीन पुस्तक दिलं. तिने त्रिकोणाकडे बघितलंच नाही. पान उलटलं आणि मागच्या बाजूने बोट फिरवलं. सावकाश, दोनदा. मग दुसरं पुस्तक. मग दिलीपच्या वेळचं जुनं पुस्तक घेऊन तसंच बोट फिरवलं आणि लगेच हात काढून घेतला.

"हा त्याचा आहे. ते दोन नाय. त्याची रेघ मागून लागते हाताला."

एवढंच होतं. मी त्या दुपारी एक पुस्तक बरोबर नेलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं. मी नुसतं तोंड घेऊन गेले होते.

कुलथे म्हणाले, "ताई, मला माहीत नव्हतं. मला वाटलं चांगल्या पुस्तकाची खूण आहे."

सुनंदा म्हणाली, "पुस्तकं चांगलीच होती. मीच आणायची ना." तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर त्यांना बरं वाटलं असतं.

ऋतुजा दारात उभी राहून ऐकत होती. "आई, मग आता जाऊ या ना. दहा दिवस राहिलेत."

"मी येत नाय."

मी म्हणाले, "अगं, तो आला नाही हे तुझ्या बोटांना कळलं ना? मग आता भीती कशाची?"

ती म्हणाली, "मावशी, तुम्ही आलात सांगायला, तेव्हा मला धक्का बसला नाय. तुमच्या लक्षात आलं का? मी एक प्रश्न नाय विचारला. सहा वर्षं मी पिशवी भरायचीच वाट बघत होते. इथं सगळी एका खोलीत झोपतात. भाऊ दारात झोपतो. मला झोप लागते."

भाऊ म्हणाला, "राहू दे तिला. आम्हाला जड नाय ती."

"आणि पोरीचं?" मी विचारलं.

ऋतुजाच म्हणाली, "मी मावशींकडे राहते. परीक्षा झाली की येते." सुनंदाने माझ्याकडे बघितलं. तिने माझ्यावर विश्वास ठेवावा असं मी काहीच केलं नव्हतं. आधी अवघड पुस्तकं दिली, मग खोटी बातमी दिली. ती हे सगळं मनात धरूनच बघत होती. शेवटी म्हणाली, "कॉलेजात सोडायला तुम्ही स्वतः जायचं. आणायला पण. आणि मी फोन केला की मी विचारीन ते बघूनच सांगायचं. अंदाजानं नाय."

तसं झालं. प्रॅक्टिकलसाठी मी मास्तरांना भेटले, त्यांनी शेवटच्या गटात घेतलं. पोरगी माझ्या गाळ्याच्या मागच्या खोलीत, पुठ्ठे आणि कागदांच्या गठ्ठ्यांत बसून अभ्यास करायची. मी तिला रिक्षाने सोडायचे आणि पेपर संपेपर्यंत फाटकाशी बसायचे. दाढीवाला मधल्या काळात येऊन गेला. आई आजारी पडली म्हणून तिला घेऊन गावी गेला होता. पुस्तकं तिलाच वाचून दाखवायचा, तिला दिसत नाही. मी त्याची माफी मागितली नाही, कारण मग कशाबद्दल ते सांगावं लागलं असतं. त्याची वर्गणी मात्र दोघांची लावली नाही.

कुलथे रोज सकाळी यायचे आणि जुनी पुस्तकं घेऊन बसायचे. स्वतःचे त्रिकोण त्यांनी खोडरबराने काढले. दिलीपचे खोडता येत नाहीत. म्हणून मी कागदाच्या पट्ट्या कापून दिल्या, आणि ते खळ लावून कोपऱ्यावर चिकटवायचे. मी त्यांना बसा म्हणाले नव्हते. बसू नका, असंही म्हणाले नाही. आता वाचक येऊन विचारतात, पट्टीखाली काय आहे. काही जण दिव्यासमोर पान धरून बघतात. रहस्यकथेची सवय, दुसरं काय. मी सांगते, पान फाटलं होतं.

शेवटच्या पेपरच्या दिवशी सुनंदा पोरीला न्यायला आली. दुपारी अडीचला फोन वाजला. ती समोरच होती, रस्त्यापलीकडे रसवंतीच्या शेडखाली, भाऊ शेजारी. मला ती दिसत होती, तिलाही मी दिसत असणार. हात केला तर तिने केला नाही.

"मावशी, दुकानात कोण कोण आहे?"

"मी, ऋतुजा आणि कुलथेभाऊ."

"आणखी?"

"कोणी नाही."

"मागच्या खोलीत?"

मागच्या खोलीला दुसरं दार नाही. तिथे कोणी जायचं तर माझ्या पुढ्यातून जावं लागतं, आणि पेपरहून येऊन कुलूप उघडल्यापासून मी जागेवरून हलले नव्हते. नाही म्हणायला माझं तोंड उघडलं होतं. मग फोन कानाला तसाच धरून मी उठले, आत गेले, दिवा लावला, पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यामागे बघितलं, दारामागे बघितलं, आणि बाहेर येऊन तिला सांगितलं, "कोणी नाही."

"बघितलं?"

"बघितलं."

"मग तिला पाठवा."